घाट चढणारी रात्रीची गाडी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकावरून रोज रात्री आठ-साडेआठच्या सुमारास एक आगगाडी कोल्हापूरला जाण्यास निघते. तिचे नाव महालक्ष्मी एक्सप्रेस. कल्याण येईपर्यंत डब्यांतून मोठा गलबला असतो. कोणी शिदोरी सोडून बसतो, कोणी सामान बाकाखाली सरकवतो, कोणी लहान मुलाला थोपटून निजवीत असतो. हळूहळू बोलणी मंदावतात, दिवे मालवले जातात आणि कर्जत स्थानक येते तेव्हा बहुतेक प्रवासी झोपेच्या अधीन झालेले असतात. त्यांना जाग येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, पंचगंगेचा परिसर जवळ आल्यावर. मध्यंतरी आपण सह्याद्री चढून आलो, याची त्यांच्यापैकी पुष्कळांना जाणीवही नसते.

परंतु ही निश्चिंत झोप फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हजारो मजुरांचे कष्ट आणि प्राण आहेत, कुशल यंत्रज्ञांची बुद्धी आहे आणि आजही रात्रभर डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या माणसांची दक्षता आहे.

कोकणपट्टी आणि दख्खनचे पठार यांच्यामध्ये सह्याद्री एखाद्या तटासारखा उभा आहे. कर्जत समुद्रसपाटीपासून सुमारे ५५ मीटर उंचीवर आहे, तर लोणावळा ६२० मीटरांच्याही वर आहे. या दोन स्थानकांमधील लोहमार्गाचे अंतर मात्र अवघे २८ किलोमीटर आहे. एवढ्याशा अंतरात गाडीला साडेपाचशे मीटरांहून अधिक चढावे लागते. हाच बोरघाट होय. येथे सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. पायी चालणाऱ्या माणसाला हा चढ फारसा जाणवणार नाही. पण लोखंडी रुळांवरून धावणाऱ्या लोखंडी चाकांना तो फार कठीण असतो. एक हजार टन वजनाची गाडी अशा चढावर उभी केली, तर सुमारे २७ टन एवढ्या जोराने ती सतत मागे ओढली जात असते. एंजिनाला आधी हा जोर तोलावा लागतो आणि मगच गाडी पुढे न्यावी लागते.

लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणे हे मोठे दगदगीचे काम होते. १८३० साली घाटातून गाडीरस्ता तयार झाला आणि प्रवास थोडा सुलभ झाला. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ या कंपनीने आपला मार्ग १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आणला, आणि १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतही रूळ टाकले. परंतु मध्ये घाट होताच. प्रवाशांना खोपोलीस उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढावा लागे आणि खंडाळ्यास पुन्हा दुसऱ्या आगगाडीत बसावे लागे. पायथ्यापाशी एक गाडी, माथ्यावर दुसरी गाडी आणि मध्ये उभा डोंगर, अशी ती स्थिती होती.

हा दुवा सांधण्याचे काम जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याकडे होते. त्याने घाटाची बारकाईने पाहणी करून मार्गाची आखणी केली. १८५६ साली प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. सह्याद्रीचा काळा पाषाण अतिशय कठीण. त्या काळी डायनामाइटचा शोध लागलेला नव्हता. हाताने पहार ठोकून खडकात भोके पाडावयाची, त्यांत बंदुकीची दारू ठासावयाची आणि बत्ती द्यावयाची, अशी ती पद्धत होती. कित्येक ठिकाणी कड्यावर पाय ठेवण्यासही जागा नसे. तेथे मजुरांना वरून दोरांनी खाली सोडीत आणि ते अधांतरी लोंबकळत खडक फोडीत. पावसाळ्यात मुसळधार पावसामुळे काम जवळजवळ बंद पडे. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही टंचाई भासे.

या कामावर दूरदूरच्या गावांहून माणसे आली. १८६१ सालच्या आरंभी तर ४२,००० हून अधिक स्त्री-पुरुष येथे राबत होते. पाठीला पोर बांधून माती वाहणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. डोंगराच्या उतारावर गवताच्या झोपड्यांतून ते राहत. तशा वस्तीत पटकीची साथ शिरली म्हणजे तिला आवर घालणे अशक्य होई. १८५९-६० च्या सुमारास पटकीने असा कहर केला, की मजुरांचे तांडेच्या तांडे नाहीसे झाले आणि भीतीने कित्येक जण काम सोडून पळाले. त्यातच मजुरी वेळेवर मिळत नसे. ठेकेदार पोटठेकेदारास पैसे देई, तो मुकादमास देई आणि मजुराच्या हाती उरलेसुरले पडे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या थकबाकीवरून मजुरांचा असंतोष उफाळून आला. त्या दंगलीत एक युरोपीय मनुष्य प्राणास मुकला. पुढे जी चौकशी झाली, तीत मजुरांची तक्रार निराधार नव्हती असे दिसून आले, आणि मालक व मजूर यांच्यातील तंटे मिटवण्यासाठी १८६० साली सरकारला कायदाही करावा लागला.

त्याच वर्षी, १८५९ मध्ये, पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार इंग्लंडहून आला. परंतु हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून थोड्याच आठवड्यांत तो आजारी पडून मरण पावला. परक्या मुलखात आलेल्या त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, या प्रसंगी धीर सोडला नाही. जाणत्या अभियंत्यांच्या हाती देखरेख सोपवून तिने पतीचा ठेका स्वतः पुढे चालवला आणि तडीस नेला. एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या त्या मार्गावर २५ बोगदे खोदण्यात आले होते आणि ८ उंच कमानी पूल बांधण्यात आले होते. ज्याने या मार्गाची आखणी केली, त्या बर्कलेला मात्र हा सोहळा पाहण्याचे भाग्य लाभले नाही. अतिश्रमाने प्रकृती ढासळून तो इंग्लंडला परतला होता आणि १८६२ सालीच त्याचे निधन झाले होते. बर्कलेचे नाव निदान ग्रंथांतून तरी राहिले. ज्यांनी दोरांना लोंबकळून खडक फोडला, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत.

मार्ग सुरू झाला म्हणून घाट जिंकला असे मात्र झाले नाही. १८६७ साली पावसाळ्यात घाटातील एक मोठा कमानी पूल कोसळला. त्याचे दगडकाम सदोष असल्याचे आढळले, तेव्हा इतर पुलांचीही कसून तपासणी करून दुरुस्त्या कराव्या लागल्या. डोंगरात केलेले काम एकदा करून विसरण्यासारखे नसते, हा धडा त्या वेळी मिळाला आणि तो पुढे कायमचा लक्षात ठेवावा लागला.

जुन्या मार्गाची आणखी एक अडचण होती. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगर इतका उभा आहे, की गाडीला वळण घेण्यास पुरेशी जागा नव्हती. म्हणून तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधण्यात आले. गाडी चढून त्या स्थानकात शिरे. तेथे मार्ग संपे. मग एंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावीत आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. इंग्रजी ‘व्ही’ या अक्षराच्या एका बाजूने खाली येऊन दुसऱ्या बाजूने वर जावे, त्याप्रमाणे हा प्रकार होता. यात वेळ फार मोडे आणि लांब गाड्या नेता येत नसत. अखेर १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग सरळ करण्यात आला आणि त्या स्थानकाचे प्रयोजन संपले.

याच सुमारास घाटात आणखी एक मोठा पालट झाला. तोपर्यंत वाफेची एंजिने धुराचे लोट सोडीत घाट चढत. बोगद्यात शिरताच धूर डब्यांतून भरे आणि प्रवाशांचा जीव गुदमरे. १९२९ साली पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १,५०० व्होल्ट दाबाच्या विजेवर चालणारी एंजिने धावू लागली. मालगाड्या ओढण्यासाठी जी एंजिने आणण्यात आली, त्यांतील पहिली स्वित्झर्लंडमध्ये घडवलेली होती. आल्प्स पर्वतात चालणाऱ्या एंजिनांच्या अनुभवातून त्यांची रचना सिद्ध झाली होती. त्यांचा देह तीन भागांत जोडलेला असे. त्यामुळे घाटातील वळणांवर ती सहज वळत. चालताना त्यांचे दांडे खालीवर होत आणि यंत्रातून कण्हल्यासारखा आवाज निघे. रेल्वेच्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव दिले. पन्नासहून अधिक वर्षे या खेकड्यांनी घाटात इमानाने सेवा केली. त्यांपैकी एक एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहावयास मिळते.

खेकड्याच्या अंगी एक विलक्षण गुण होता. चढताना तो तारेतून वीज घेई. परंतु उतरताना त्याच्या मोटारी चाकांच्या गतीने उलट फिरवल्या जाऊन वीज निर्माण करीत. ती वीज पुन्हा तारेत जाई आणि घाट चढणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गाडीच्या उपयोगी पडे. वीज निर्माण करण्यात गाडीचा वेग खर्ची पडत असल्यामुळे गाडी आपोआप आवरली जाई आणि चाकांवरील रोधकांची झीजही कमी होई. आजच्या नव्या एंजिनांतही हीच युक्ती योजलेली आहे. विजेची पद्धत मात्र बदलली आहे. जुन्या विजेच्या जागी २५,००० व्होल्ट दाबाची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आणण्यात आली आणि २०१५ साली मुंबईपर्यंतचे हे काम पूर्ण झाले.

घाटाची अडचण दूर झाली, तरी मुंबईहून कोल्हापूरला एका गाडीने जाणे बराच काळ शक्य नव्हते. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपासून आपल्या राजधानीपर्यंत लोहमार्ग बांधवून घेतला होता आणि तो १८९१ साली सुरू झाला होता. परंतु पुणे, मिरज व कोल्हापूर हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा होता. मुंबई-पुणे मार्ग मात्र ब्रॉडगेजचा, म्हणजे रुंद रुळांचा. एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर धावणे शक्य नसे. पुण्याच्या फलाटावर अपरात्री सामान, मुले व वृद्ध माणसे यांना सांभाळीत प्रवाशांना गाडी बदलावी लागे. गुळाच्या ढेपांनाही हाच वनवास होता; एका वाघिणीतून काढून त्या दुसऱ्या वाघिणीत भराव्या लागत. १९७१ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मुंबईस डब्यात बसलेला प्रवासी थेट कोल्हापुरासच उतरू लागला. सुमारे ५१८ किलोमीटरांचा हा प्रवास आज एका रात्रीत होतो.

डब्यांच्या रचनेतही हळूहळू सुधारणा होत गेली. पूर्वी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला लाकडी बाकावर बसूनच रात्र काढावी लागे. पुढे झोपण्यासाठी एकावर एक अशा फळ्या आल्या, पण त्याही उघड्या लाकडाच्या असत. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते हे रेल्वेमंत्री होते. कोकणातील राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले होते. सामान्य प्रवाशाच्या हालांची त्यांना जाणीव होती. दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर मऊ गादी बसवण्यास त्यांच्याच कारकिर्दीत आरंभ झाला. ही गोष्ट दिसावयास लहान. पण दिवसभर कष्ट करून रात्री गावी निघालेल्या माणसाला तिचे मोल विचारावे.

प्रवासी याप्रमाणे गादीवर निजलेले असताना कर्जत येते, आणि तेथे गाडीचे खरे काम सुरू होते. गाडीच्या शेपटीला आणखी दोन-तीन एंजिने जोडण्याची येथे जुनी रीत आहे. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचे एंजिन गाडी ओढते आणि बँकर तिला मागून रेटतात. सर्व एंजिने पुढेच का जोडू नयेत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण असे: एंजिने पुढे जोडली, तर सगळ्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या आकड्यावर पडेल आणि तो तुटण्याचा संभव राहील. मागून रेटा मिळाला म्हणजे तो ताण वाटला जातो. शिवाय चढावर एखादा आकडा तुटलाच, तर सुटलेले डबे मागे घसरू लागतात; अशा वेळी मागचे एंजिन त्यांना पाठीवर झेलून धरते. पुढचा चालक व मागचे चालक एकमेकांस दिसत नाहीत. म्हणून शिट्टीच्या ठरावीक खुणा आणि आता बिनतारी यंत्र यांच्या साह्याने ते एकमेकांशी मेळ राखतात. पावसाने रूळ निसरडे झाले, की चाके जागच्या जागी फिरू लागतात. तेव्हा एंजिनातील पेटीतून नळीवाटे रुळावर बारीक वाळू सोडतात. चाकांना पकड मिळते आणि गाडी पुढे सरकते. एवढ्या बलाढ्य यंत्राला अखेर मूठभर वाळूचा आधार घ्यावा लागतो!

लोणावळ्यास बँकर सुटतात आणि घाट चढण्याचे काम संपते. परंतु चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते. कोल्हापूरहून निघालेली गाडी पहाटेच्या काळोखात घाट उतरते, तेव्हा सारी भिस्त रोधकांवर असते. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नळी गेलेली असते व तीत दाबलेली हवा भरलेली असते. हवेचा दाब कायम आहे, तोवर रोधक चाकांपासून दूर राहतात. चालकाने दाब कमी केला, किंवा काही कारणाने नळी फुटली, तर सर्व डब्यांचे रोधक आपोआप चाकांवर आवळले जातात. म्हणजे यंत्रात बिघाड झाला, तरी गाडी धावत सुटू नये, उलट ती थांबावी, अशीच ही योजना आहे.

त्यावरही विसंबून न राहता घाटात आणखी एक उपाय केलेला आहे. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी मुख्य मार्गाला फुटून एक फाटा डोंगरावर चढत जातो व तेथेच संपतो. त्याला ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. उतरणाऱ्या गाडीपुढे रुळांचे सांधे नेहमी या फाट्याच्या दिशेने लावलेले असतात. चालकाने ठरलेल्या जागी गाडी थांबवून ती आपल्या ताब्यात असल्याचे सिद्ध केले, तरच सांधे बदलून तिला मुख्य मार्ग दिला जातो. जी गाडी थांबू शकली नाही, ती त्या फाट्यावर चढते, चढावर तिचा वेग ओसरतो आणि ती दरीत कोसळण्यापासून वाचते. ज्या चढाने एवढा त्रास दिला, त्याच चढाचा रक्षणासाठी असा उपयोग केलेला आहे.

पावसाळ्यात घाटाचे रूप पालटते. कड्याकड्यांवरून पाण्याचे लोट कोसळू लागतात, माती सैल होते आणि मोठमोठ्या दरडी रुळांवर येऊन पडतात. त्या दिवसांत गस्तवाले रात्रंदिवस रुळांवरून पायी फिरतात. डोक्यावर पाऊस, हातात कंदील किंवा विजेरी आणि पिशवीत आवाजाचे फटाके, असा त्यांचा सरंजाम असतो. वाटेत दरड आढळली, तर ते काही अंतरावर रुळांवर हे फटाके बांधतात. गाडीचे चाक त्यांवरून जाताच मोठा बार होतो आणि चालक सावध होऊन गाडी थांबवतो. कित्येकदा एका कंदिलावर हजार माणसांचे प्राण अवलंबून असतात.

इतके करूनही निसर्गापुढे माणसाला कधीकधी थांबावे लागते. बोरघाटाच्या परिसरातच उल्हास नदी उगम पावते आणि घाट उतरून कर्जत-बदलापुराकडे वाहत जाते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस घाटापर्यंत पोचलीच नाही. उल्हास नदीला महापूर येऊन बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान रूळ पाण्याखाली गेले आणि चहूकडे पसरलेल्या पाण्यात गाडी अडकली. डब्यांत हजाराहून अधिक माणसे होती. त्यांत गर्भवती स्त्रिया व लहान मुलेही होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, इतर यंत्रणा आणि आसपासचे ग्रामस्थ धावून आले. रबरी होड्यांतून एकेकाला बाहेर काढण्यात आले आणि सर्व प्रवासी सुखरूप सुटले. त्याच वर्षी घाटात दरडी कोसळून मार्गाची मोठी हानी झाली आणि अनेक गाड्या दीर्घकाळ बंद ठेवाव्या लागल्या. १८६७ साली मिळालेला धडा सह्याद्रीने दीडशे वर्षांनंतर पुन्हा एकदा दिला.

तथापि रूळ पुन्हा नीट करण्यात आले आणि गाडी पुन्हा धावू लागली. आजही ती रोज रात्री घाट चढते. बोगद्यामागून बोगदे मागे पडतात. खिडकीबाहेर क्षणभर एखादा कंदील चमकतो आणि काळोखात दिसेनासा होतो. तो कोणाच्या हातातला, हे डब्यातील प्रवाशाला कळत नाही; तो ज्या बोगद्यातून जात असतो, तो कोणी खोदला हेही त्याला ठाऊक नसते. तो स्वस्थ निजलेला असतो. ज्यांनी घाट फोडला आणि जे आज तो राखीत आहेत, त्या सर्वांच्या श्रमांचे सार्थक प्रवाशाच्या या निर्धास्त झोपेतच आहे.